परातीतला फोन

पारूबाईच्या पोटात दुखत होतं, आणि ते काही ओवा खाऊन थांबणारं दुखणं नव्हतं. पडेगावच्या विशाखाला पोराचा फोन आला की ते उठायचं, आणि विशाखा फोनवर मनसोक्त बोलून हसत आत आली की पार संध्याकाळपर्यंत राहायचं.

दोघींची पोरं नौदलात लागली होती. पारूबाईचा शिवम आणि विशाखाचा आकाश. एकाच दिवशी, एकाच गाडीनं, एकाच डब्यातून दोघं ओडिशाला ट्रेनिंगला गेले. तिथं एकाच बराकीत राहतात, एकाच ताटलीतला भात खातात, एकाच शिट्टीला उठतात. मग एकाच्या आईचा कान तापेस्तोवर फोन चालावा आणि दुसरीचा बूड टेकायच्या आत संपावा, हा कुठला न्याय? पारूबाईनं देवाला हा प्रश्न बऱ्याचदा विचारला होता.

हे सगळं घडायचं शहरातल्याच हर्सूल भागात, गोजरबाईच्या घरी. गोजरबाईचा थोरला नौदलात जाऊन बरीच वर्षं झाली होती, आता तो बोटीवर असतो. तो नवीन गेला तेव्हा ही बाई एकटी घरात फोनकडं बघत बसायची, जेवायची नाही, खायची नाही, शेवटी चक्कर येऊन पडली. तेव्हापासून तिनं ठरवलं, की शहरातल्या कुठल्याच आईनं रविवारी एकटीनं फोनची वाट बघायची नाही. ट्रेनिंगच्या पोरांना रविवारी दुपारी थोडा वेळ फोन हातात मिळतात. त्या वेळेला सगळ्या नव्या आया गोजरबाईच्या बैठकीत. गारखेड्याहून पारूबाई, पडेगावहून विशाखा, आणखी चार-पाच जणी, कुणी रिक्षानं, कुणी नवऱ्याच्या गाडीवर.

आल्या आल्या पहिलं काम म्हणजे फोन परातीत. मधोमध एक मोठी पितळी परात ठेवलेली असायची, आणि सगळ्यांचे फोन आवाज बंद करून तिच्यात. एकीची रिंग वाजली की सगळ्यांच्या काळजाचं पाणी होतं, म्हणून रिंग नाही. फोन आला की परात थरथरायची, सगळ्या वाकून बघायच्या, आणि जिचा असेल ती उचलून गॅलरीत जायची. मधल्या वेळात पोहे, चहा आणि गोजरबाईचं शहाणपण.

"फोनवर रडायचं नाय," गोजरबाई सांगायची. "तुमी हिकडं रडता अन् पोरगं तिकडं रातभर डोळं उघडं ठिऊन पडतं. जेवलास का, हे येकदाच इचारायचं. दहादा इचारलं म्हणून पोट भरत नाय. घरातलं भांडण सांगायचं नाय. अन् फोन आला नाय तर त्याचा अर्थ फोन आला नाय, बाकी काय बी नाय."

सगळ्या माना डोलवायच्या. पारूबाईही डोलवायची. आणि परात थरथरली, शिवमचं नाव दिसलं, की गॅलरीच्या उंबऱ्यातच तिच्या डोळ्यांना धार लागायची.

"शिवम, बाळा, जेवलास का रे?"

"जेवलो आई."

"काय जेवलास? पोटभर जेवलास का? वाळलास का रे?"

"नाय गं. बरंय सगळं."

"पाण्यात उतरला नाय ना?"

"नाय आई. ठेवू?"

संपला फोन. आत येऊन ती पदरानं नाक पुसायची तोवर परात पुन्हा थरथरायची, आणि विशाखा गॅलरीत जायची ती परत यायचं नावच नाही. काचेतून दिसायची. हातवारे करत बोलायची, कमरेवर हात ठेवून ऐकायची, मधेच खदखदून हसायची. आत आली की सगळ्या बाया तिच्याभोवती. आकाशच्या पायाला फोड आले, मग त्यानं मोज्यात काय घातलं. डोक्याचा चकोट केला तर आरशात स्वतःलाच ओळखलं नाही. माशाची आमटी पहिल्या दिवशी बघून उठला आणि आता दोनदा मागून घेतो. बायांना वाटायचं आपणच जाऊन आलो. पारूबाईला वाटायचं उठून परात पालथी घालावी.

आता त्या "पाण्यात उतरला नाय ना"ची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईला वेड लागलं. शिवम पाळण्यात असताना गावाकडं एका जाणत्या माणसानं पत्रिका बघून सांगितलं होतं, की पोराला पाण्यापासून घात आहे, एकवीस वर्षं जपा. पारूबाईनं जपलं. विहीर नाही, तळं नाही, नदीच्या पुलावरून जाताना सुद्धा पोराचं मनगट हातात. भरती निघाली तेव्हा शिवमनं पोलीस, आर्मी, नेव्ही, जिथं जागा दिसली तिथं अर्ज ठोकले आणि नशिबानं नेमकी नेव्हीच गळ्यात मारली. कारभारी, म्हणजे पारूबाईचा नवरा, त्यानं आधी गल्लीत पेढे वाटले आणि मग बायकोला सांगितलं. तो माणूस इतक्या वर्षांत एवढंच एक हुशारीचं काम करून गेला.

पारूबाई दोन दिवस जेवली नाही. मग तिनं स्वतःची समजूत काढली. जहाज म्हणजे लोखंडाचं गावच की. गावात राहील पोरगं, पाण्यात कशाला उतरेल? तरी स्टेशनवर गाडी सुटायच्या वेळी तिनं शिवमचा हात आपल्या गळ्यावर ठेवून घेतला आणि सांगितलं, "जहाजावर ऱ्हा, कुठं बी ऱ्हा, पर खोल पाण्यात उडी घ्यायची नाय. माझ्या गळ्याची शप्पथ हाय तुला." शेजारी विशाखा आकाशला दशम्या बांधून देत होती. तिनं ते ऐकलं आणि दशम्यांची गाठ आवळली.

गोजरबाईला जेव्हा हे कळलं तेव्हा ती पोहे खाता खाता थांबली. "अगं बाई, पोरगं नौदलात धाडलं अन् पाण्याजवळ जाऊ नको म्हणतीस? सोनाराच्या दुकानी लावायचं अन् सोन्याला हात लावू नको म्हणायचं, त्यातली गत." सगळ्या हसल्या. विशाखा मात्र हसली नाही, आणि तेच पारूबाईला जास्त लागलं. हसली असती तर निदान भांडता आलं असतं.

घरी आल्यावर तिनं नवऱ्यापुढं गाऱ्हाणं मांडलं. "त्या विशाखाचं पोरगं तिला सगळं सांगतं. आपलं का बोलत नाय?"

कारभारी टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, "तू बोलू देतीस का त्याला? रडून भिजवतीस नुसतं."

"म्हंजी माया करणं चूक झालं?"

"म्या कुठं तसं म्हनलं?" असं म्हणून त्यानं आवाज वाढवला, टीव्हीचा.

त्याच्या पुढच्या रविवारी मात्र पारूबाईच्या हातून कहर झाला. विशाखा फोन संपवून आत आली आणि सांगू लागली, आकाशनं उंच फळीवरून तलावात उडी मारली, पार तळाला जाऊन वर आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायांनी इथं हर्सूलला सुद्धा टाळ्या वाजवल्या. पारूबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आमचा शिवम तर पवण्यात पयला आला. सायबानं पाठ थोपटली त्याची सगळ्यांच्या म्होरं."

आता बघा. जिनं पोराला पाण्यात न उतरायची शपथ घातली, जी दर रविवारी ती शपथ पाळली का म्हणून विचारून घेते, तीच सांगते पोरगं पोहण्यात पहिलं आलं. पण मत्सराला एवढा पाचपोच नसतो. समोरच्याच्या ताटात लाडू दिसला की हा आपल्या ताटात नसलेले दोन मोजतो. बाया म्हणाल्या, अगंबाई, खरंच का. गोजरबाईनं तिच्याकडं जरा रोखून बघितलं. आणि विशाखानं मान वर केली, तोंड उघडलं, मग मिटलं, आणि चहाच्या कपात बघत बसली.

जिरली, पारूबाई मनात म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिला त्या दिवशी रात्री शांत झोप लागली.

ती झोप आठवडाभर पुरली. पुढच्या रविवारी ती नवं लुगडं नेसून हर्सूलला गेली, फोन परातीत ठेवला, पोह्यांवर लिंबू पिळून घेतलं. विशाखा स्वयंपाकघरात गोजरबाईला चहाला मदत करत होती. तेवढ्यात परात थरथरली. सगळ्या वाकल्या. सगळे काळे फोन, सगळ्यांची तीच काळी झाकणं, पण उजेड पडलेल्या फोनवर शिवम हे नाव पारूबाईला चष्म्याशिवाय सुद्धा वाचता आलं असतं. तिनं झडप घालून फोन उचलला आणि गॅलरीत गेली.

ती "बाळा" म्हणायच्या आतच तिकडून आवाज आला.

"मावशी, आजबी नाय झालं. फळीवर चढलो, खाली बघितलं अन् पाय गळाले. परत उतरलो. सगळे हसले. आकाशनं लई समजावलं पर नाय जमलं. आता परीक्षा हाय अन् उडीच मारता येत नाय मला. मावशी, नापास झालो तर आकाशबरोबर शेवटची परेड नाय मिळायची, मागं ठेवतेत. तुमी सांगितलं तसं श्वास धरून बघितला, पर डोळ्यापुढं आईचा गळा येतो."

पारूबाईनं फोन कानापासून लांब धरून बघितला. तोच आवाज. तिच्याच पोटचं पोरगं. इतक्या महिन्यांत त्यानं तिला एका दमात एवढं कधी सांगितलं नव्हतं.

"मावशी, ऐकताय ना? आईला फोन लावायचाय अजून. तिला काय सांगू?"

पारूबाईनं फोन बंद केला. म्हणजे तिचा अंगठा कुठंतरी दाबला गेला आणि फोन बंद झाला. फोन उलटा करून बघितला तेव्हा मागच्या झाकणावर विशाखाच्या दुकानाचं चिटकवलेलं नाव दिसलं, पडेगाव लेडीज टेलर. पोरगं आजवर आकाशच्याच फोनवरून बोलत असणार, म्हणून परातीत कधी दिसलं नव्हतं.

ती आत गेली, फोन परातीत ठेवला. लगेच परात पुन्हा थरथरली, आणि ह्या वेळी तिचा स्वतःचा फोन होता. तिनं तो घेतला. ती पुन्हा गॅलरीत गेली.

"हां आई," शिवम म्हणाला, आणि आवाज असा टवटवीत, की कुणी म्हणावं पोरगं यात्रेला आलंय. "मस्त चाललंय. जेवलो. अन् पाण्यात नाय उतरलो गं. तू कशी हायेस?"

"बरीय," पारूबाई म्हणाली. रडण्याचं तिला सुचलंच नाही.

"ठेवू?"

"ठेव."

मग ती आत आली आणि जे व्हायचं ते झालं. विशाखा चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होती. पारूबाई तिच्यापुढं उभी राहिली. "माझं पोरगं फोडलंस तू," ती म्हणाली. "तुझ्या येकानं पोट भरलं नाय का? माझं बी लागलं तुला?"

विशाखानं ट्रे खाली ठेवला. ती हळू आवाजाची बाई, पण त्या दिवशी तिचाही आवाज चढला.

"म्या नाय फोडलं, पारूताई. तुमीच बांधून ठिवलंय त्याला."

"काय बांधलं? काय केलं म्या?"

"आईच्या गळ्याची शप्पथ हाय म्हणतो त्यो. उडी मारली अन् तिकडं आईला काय झालं तर, म्हणतो. फळीवर गेला की त्याला त्येच दिसतं. आकाशनं येकदा त्याला फोन दिला, पवण्याचं मला इचार म्हणून. आमच्या बाबानं सवताची विहीर खांदली तवा आमा पोरींना सगळ्यात आधी पवायला शिकवलं होतं, म्हणून मला येतं. तवापासून इचारतो. यवढंच."

"मग मला का नाय सांगितलं? समोर बसती दर रविवारी. म्या त्या दिवशी..." पारूबाई थांबली, कारण त्या दिवशी ती काय बोलली होती ते सगळ्याच बायांना आठवलं होतं, तिला डोळ्यांतूनच दिसलं. पहिला नंबर. साहेबानं थोपटलेली पाठ. आणि विशाखानं सगळं माहीत असून तोंड मिटलं होतं. ती जिरली नव्हती, तिनं झाकलं होतं. पारूबाईला भूमीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण हर्सूलच्या त्या फरशीला कसली फट सुद्धा नव्हती.

"आईला सांगू नका म्हणाला," विशाखा म्हणाली. "आमच्यात शपथबिपथ कुणी मानत नाय, पर पोराला शब्द दिला होता म्या."

गोजरबाई मधे पडली, पण दोघींची समजूत काढायला नाही. "पारू, फोन परातीत ठेव," ती म्हणाली. "अन् वाटंतून सरक. बाकीच्या बायांचे फोन यायचेत अजून."

निघताना मात्र तिनं पारूबाईला जिन्यात गाठलं. "शप्पथ घातलेली सोडवायला तूच लागती," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या बापाला जमायचं नाय. ना माझ्या, ना तिच्या."

तो आठवडा पारूबाईनं कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. भाकरी थापताना तिला ऐकू यायचं, मावशी, डोळ्यापुढं आईचा गळा येतो. मावशी. सख्खी बहीण लागून गेली का ती माझी? पोराला ताप आला तर रात्र रात्र कपाळावर पट्ट्या कुणी ठेवल्या, दहावीला पहाटे दूध गरम करून कुणी दिलं, आणि आता भीती वाटली तर सांगतो कुणाला, पडेगावच्या शिंपिणीला. एका दुपारी तर तिच्या मनात असंही आलं, की होऊ दे नापास. होऊ दे मागं. काढून टाकलं तर उत्तम, घरी येईल. पण त्या बाईच्या हातानं तरायला नको.

हे मनात आलं आणि ती स्वतःलाच घाबरली. तव्यावरची भाकरी करपून काळी झाली होती. ती कारभाऱ्याच्या ताटात वाढली आणि त्यानं शहाण्यासारखं काही न बोलता खाल्ली.

रविवारी ती जाणार नव्हती. सकाळी तसं ठरवलंच होतं. दुपारी ती रिक्षात बसली होती.

बैठकीत तिला बघून बाया जरा सावरून बसल्या. विशाखानं मान हलवली, पारूबाईनं पण हलवली, तेवढंच. शिवमचा फोन आला तो तिच्याच फोनवर आला, तिनं आधी झाकण उलटून खात्री केली आणि मगच गॅलरीत गेली.

"हां आई. मस्त चाललंय."

"खोटं बोलू नको," पारूबाई म्हणाली. "मागल्या रविवारी मावशीचा फोन म्याच उचलला होता."

तिकडं पाठीमागं पोरांचा गलका ऐकू येत होता.

"शिवम, शप्पथ सुटली."

"आई..."

"सुटली म्हनलं ना. येकदा म्हणून पुरत नसंल तर तीनदा म्हणते. सुटली, सुटली, सुटली. मार उडी."

"तुला काय झालं तर?"

"मला काय व्हतंय? येका हातानं पाण्याची टाकी सरकवणारी बाई हाय मी. तुझ्या उडीनं मी मरायची असते तर तुझ्या बापाच्या कारभारानं कवाच मेले असते."

पोरगं हसलं. खरं हसलं, तिला कळलं. तिचा जीव थोडा थोडा भांड्यात पडला. तिला वाटलं, आता बोलेल. आता मला सांगेल, फळी केवढी उंच, पाणी केवढं गार, पाय कसे गळतात. ती कान फोनला दाबून उभी राहिली.

"आई," शिवम घाईनं म्हणाला, "मावशी हायेत का तिथं? डोकं वर काढलं की श्वास नाकानं घ्यायचा का तोंडानं, तेवढं इचारायचंय. बुधवारीच परीक्षा हाय."

एखाद्यानं जेवायला वाढलेलं ताट उचलून शेजारच्यापुढं ठेवावं, तसं झालं तिला. गळ्याची शपथ सोडवली मी, आणि बोलायचंय तिच्याशी. फोन बंद करावा असं आलं मनात. लाइन गेली म्हणता आलं असतं, लाइन रोजच जाते. तिचा अंगठा तिथवर गेला सुद्धा.

मग ती आत गेली आणि फोन विशाखापुढं धरला. "घे," ती म्हणाली. "तुला मागतोय."

विशाखानं तिच्या तोंडाकडं बघितलं, फोन घेतला आणि भिंतीकडं तोंड करून बोलायला लागली. तोंडानं रे बाळा, तोंडानं घ्यायचा, नाकानं सोडायचा. भ्या की, भ्यायला कोण नको म्हणतंय, म्या बी भ्याले होते. पाय मारत ऱ्हायचं, खाली काय हाय ते बघायचं नाय. पारूबाई जवळच उभी होती. तिला वाटत होतं, ह्यातलं एक वाक्य जरी मला आलं असतं. आयुष्यभर तिनं पोराला पाण्यापासून लांब ठेवायचं शिकवलं, पाण्यात काय करायचं ते तिला कुठून येणार? फोन संपला तो विशाखाच्या हातातच संपला. ठेवतो आई, असं म्हणायला सुद्धा पोराला वेळ उरला नव्हता.

"उडी मारंल त्यो," विशाखा फोन परत देताना म्हणाली.

"मारंल की," पारूबाई म्हणाली. "माझा हाय त्यो."

बुधवार आला, गेला. पारूबाईनं उपास धरला, आणि नवस बोलायला गेली तर कुठल्या देवाला बोलावं ते कळेना, कारण आजवर सगळ्या देवांना तिनं पोरगं पाण्यात जाऊ नये म्हणूनच साकडं घातलं होतं. आता उलटं मागायचं तर देवसुद्धा चक्रावले असते.

रविवारी परात पहिल्यांदा थरथरली ती विशाखाच्या फोननं. ती गॅलरीत गेली आणि पारूबाईचे डोळे काचेला चिकटले. विशाखा हसली. मग ऐकत राहिली. मग तिनं काहीतरी विचारलं, पुन्हा विचारलं, आणि हसणं गेलं. आत आली तेव्हा ती सगळ्यांना म्हणाली, आकाश पास झाला. बायांनी टाळ्या वाजवल्या. विशाखानं पारूबाईकडं बघितलं नाही.

पारूबाईला सगळं समजलं. हिला कळलंय. पुन्हा हिलाच आधी कळलंय. शिवम पास झाला का नापास, जगला का बुडाला, ते माझ्या आधी ह्या बाईच्या पोटात. तिच्या अंगाची अशी काही आग झाली, की समोरचं पाणी पिऊनसुद्धा भागली नाही.

"काय म्हणाला आकाश? माझ्या शिवमचं काय?"

"म्या इचारलं," विशाखा म्हणाली. "त्यालाच सांगू दे म्हणाला. मला बी नाय सांगितलं, पारूताई."

पारूबाईचा विश्वास बसला नाही. तेवढ्यात परात थरथरली. उजेड पडला, शिवम हे नाव आलं, आणि ह्या वेळी पारूबाईनं हात पुढं केला नाही. सगळ्या बाया वाकून बघत होत्या. विशाखाचा फोन परातीत परत गेला होता, शेजारी पारूबाईचा, दोन्ही काळे. नाव दोन्हीवर तेच उमटायचं. तिला बघवेना. आपला नसला तर?

गोजरबाईनं वाकून बघितलं. "तुझा हाय गं," ती म्हणाली. "उचल."

गॅलरीत जाऊन पारूबाईनं फोन कानाला लावला.

"आई," शिवम म्हणाला. आवाजात टवटवी नव्हती, यात्रा नव्हती. "आई, नापास झालो."

तिला एकच विचारायचं होतं, आणि ते विचारायची लाज वाटत होती, पण विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"मावशीला सांगितलंस?"

"नाय. कुणालाच नाय. आधी तुलाच लावला."

आणि पारूबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पोरगं नापास झालं आणि आईला आनंद झाला, असं कुठं असतं का, तुम्ही विचाराल. असतं. तिला त्याची शरमही वाटली, त्याच क्षणी, पण आनंद काही हटेना.

"उडी मारलीस?"

"मारली. येकदम फळीच्या टोकावरून. पलीकडं पोचलो नाय. निम्म्यात दम सुटला, दोर धरला. लई भ्यालो गं, आई. नाकातोंडात पाणी गेलं. वाटलं आता गेलो. मला मागं ठेवलंय. आकाशची परेड व्हईल अन् मी हितंच..." पुढचं त्याला बोलता येईना. तो रडायला लागला. दाबून दाबून, आजूबाजूला पोरं असतील म्हणून, पण रडायला लागला.

पारूबाईचे डोळे भरून आले. तिनं ओठ दातांनी धरला आणि एक थेंब खाली पडू दिला नाही.

"रड," ती म्हणाली. "मी हाय. कुठं जात नाय. रडून झालं की सांग, पाणी कसं हाय तिथलं. गार हाय का?"

"लई गार," तो हुंदक्यातून म्हणाला, आणि सांगायला लागला.

मागं दार सरकलं. विशाखा गॅलरीत आली होती. तिचे डोळे लाल होते, तिला काचेतूनच कळलं असणार. तिनं हात पुढं केला. "रडतोय का त्यो? धीर सुटू देऊ नका. द्या जरा मला, मी सांगते त्याला."

"थांब विशाखा," पारूबाई म्हणाली. "त्यो माझ्याशी बोलतोय."

आणि तिनं मोकळ्या हातानं दार ओढून घेतलं.